घरात कुणाला नुकतीच शुगर निघालीय? सगळे विचारतात ते प्रश्न

आईची शुगर निघाल्यापासून घरातलं हे खातं माझ्याकडे आलंय, त्यामुळे आता नात्यात कुणाचा रिपोर्ट वाकडा आला की पहिला फोन मला येतो आणि प्रश्न साधारण तेच असतात. म्हणून एकदा नीट लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, गोळी कुठली आणि किती हे तुमचे डॉक्टरच ठरवणार. आणि हे सगळं मोठ्या माणसांच्या टाइप टू बद्दल आहे, लहान मुलांचा किंवा गरोदरपणातला डायबेटीस हा वेगळा विषय आहे.

फास्टिंग १४२ आलीय. म्हणजे झालाच का डायबेटीस?

बहुतेक हो, पण एका रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत. उपाशीपोटी १२६ किंवा वर, ग्लुकोज पाजून दोन तासांनी २०० किंवा वर, नाहीतर एचबीएवनसी (ही टेस्ट काय ते पुढे सांगते) ६.५ किंवा वर, यातलं काही आलं की डायबेटीस धरतात आणि त्रास काहीच नसेल तर दुसऱ्या टेस्टने खात्री करून घेतात. १०० ते १२५ म्हणजे काठावर. टेस्टच्या आधी आठ तास काही खायचं नाही, पाणी चालतं, चहा चालत नाही (बिनसाखरेचा पण नाही, बाबांनी विचारून झालंय). आणि गोळ्या सुरू झाल्यावर पीपी (जेवणानंतरची शुगर) करायला जाल तेव्हा रोजचं जेवण आणि रोजची गोळी घेऊनच जायचं, दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे. लोक त्या दिवशी मुद्दाम अर्धी पोळी खाऊन जातात, मग रिपोर्ट छान येतो आणि त्याचा उपयोग शून्य.

एचबीएवनसी कशासाठी? रोज बोट टोचून बघतोच की

बोटातली शुगर त्या मिनिटाची असते, एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं. साधारण ७ च्या खाली ठेवा म्हणतात, पण ऐंशीच्या घरातल्या आजोबांना ७.५-८ सुद्धा चालवून घेतात कारण त्यांची शुगर लो होऊन ते पडले तर ते जास्त महागात पडतं. एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. अंगात लोह कमी असेल तर हा आकडा खोटाच वर येऊ शकतो, आणि सिकलसेल किंवा थॅलेसेमिया हे रक्ताचे आनुवंशिक आजार असतील तर भलताच खाली दिसू शकतो. विदर्भात सिकलसेल बऱ्यापैकी आहे, तेव्हा घरात कुणाला असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

गोळी एकदा लागली की आयुष्यभर सुटत नाही ना? मग आधी पथ्याने बघूया का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि यातच लोक एक-दोन वर्षं घालवतात. गोळीची सवय लागत नाही. शुगर वर राहिली तर ती डोळ्याच्या पडद्यावर, किडनीवर, पायाच्या नसांवर गुपचूप काम करत राहते आणि दुखत काहीच नाही, म्हणून वाटतं की चाललंय ठीक. आकडा थोडाच वर असेल तर डॉक्टर स्वतःच म्हणतात तीन महिने खाणं-चालणं करून बघा, पण ते त्यांनी म्हणायचं, शेजारच्या काकांनी नाही.

आणि गोळ्या कमी होतात, कधी बंदही होतात, हे खरं आहे. ब्रिटनमध्ये डायरेक्ट नावाचा अभ्यास झाला, त्याचे पहिले निकाल २०१७ मध्ये आले. नव्याने म्हणजे सहा वर्षांच्या आत डायबेटीस निघालेल्या जाड लोकांचं वजन कडक आहाराने उतरवलं तर वर्षभराने त्यातले ४६ टक्के लोक गोळ्यांशिवाय डायबेटीसच्या रेषेखाली होते, आणि ज्यांचं १५ किलोच्या वर उतरलं त्यांच्यात तर हे प्रमाण खूपच जास्त होतं. म्हणजे पहिली काही वर्षं सोन्यासारखी आहेत, ती घाबरण्यात आणि उपाय शोधण्यात घालवू नका. फक्त वजन परत चढलं की शुगर पण परत येते, म्हणून "बरा झाला" म्हणून पेढे वाटायचे नाहीत.

मेटफॉर्मिनने पोट बिघडलंय, बंद करू का?

आपल्या मनाने नको. शुगरच्या या गोळीने सुरुवातीला मळमळ, पातळ शी होणं बऱ्याच जणांना होतं आणि दोन-तीन आठवड्यांत बसतं. जेवणाबरोबर किंवा जेवून घ्यायची, उपाशीपोटी नाही. तरी जमत नसेल तर हळूहळू सुटणारी गोळी मिळते, ती लिहून मागा, आणि ती तोडून किंवा कुटून द्यायची नाही. बरीच वर्षं घेतली तर बी-१२ कमी होऊ शकतं, शाकाहारी घरात तर ते आधीच कमी असतं, पायाला मुंग्या येतायत तर शुगरमुळे की बी-१२ मुळे हे तपासून घ्या.

अजून एक. ज्यांना डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू आहे त्यांच्या लघवीच्या रिपोर्टमध्ये साखर चार प्लस येते आणि घरात रडारड होते. त्या गोळीचं कामच ते आहे, साखर लघवीतून बाहेर काढणं. पाणी भरपूर प्यायचं, स्वच्छता ठेवायची, खाज-जळजळ झाली तर लाजत बसू नये.

भात बंद, बटाटा बंद, साखर बंद. मग खायचं काय?

बंद-बंद करत बसलात तर पंधरा दिवस टिकेल आणि सोळाव्या दिवशी माणूस लपून डबा उघडेल. ताटाची मांडणी बदला. आपल्या ताटात पोळ्या आणि भात मधोमध आणि भाजी डाव्या-उजव्या कोपऱ्यात चमचाभर, ते उलटं करायचं. अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव ताट उसळ, घट्ट वरण, पिठलं, पनीर, अंडं, मासे जे घरात चालतं ते, आणि उरलेल्या पाव ताटात दोन फुलके किंवा एक भाकरी किंवा एक छोटी वाटी भात. किंवा, यातलं एक, तिन्ही नाही! आमच्याकडे आधी काकडी-टोमॅटो-मुळ्याची कोशिंबीर आणि भाजी खायची, मग उसळ, आणि पोळी शेवटी असा क्रम लावला, त्याने जेवणानंतरचा आकडा खरंच कमी चढतो, मीटरवर स्वतः बघा.

नाश्त्याला मात्र आपलं सगळंच अवघड आहे. पोहे, उपमा, साबुदाणा, इडली, ब्रेड-बटर, सगळा स्टार्च. पोहे करायचे तर मूठभर पोह्यात वाटाणे, फरसबी, गाजर, शेंगदाणे असं करा की पोहे शोधावे लागतील. नाहीतर मुगाचं धिरडं, थालीपीठ (भाजणीत डाळी असतात, पण एक, आणि वर लोण्याचा डोंगर नको), मोड आलेली मटकी, उकडलेली अंडी. आणि वेगळं "पेशंटचं" शिजवू नका. एकाच घरात एकाला दुधी आणि बाकीच्यांना बटाटेवडा, हे कुणाच्याही संयमाच्या बाहेरचं आहे. सगळ्यांनाच दुधी. कुरकुर होईल, होऊ दे.

भाकरी कितीही चालते ना? आणि गूळ? मध?

नाही चालत. ज्वारी-बाजरी-नाचणीत फायबर जास्त, पोट भरलेलं राहतं, म्हणून चांगली, पण पीठ ते पीठच. एक मोठी भाकरी म्हणजे पिठाच्या हिशेबाने दोन फुलके तरी झाले. गूळ, मध, खडीसाखर, काकवी ही सगळी साखरेचीच भावंडं, रक्तात गेल्यावर फरक कुणाला कळत नाही. "शुगर फ्री" लिहिलेल्या बिस्किटात मैदा आणि तूप असतंच, पुडा उलटा करून कर्बोदकांचा आकडा वाचा.

चहाचं काय करायचं?

इथेच सगळ्यात पटकन फायदा होतो म्हणून सांगते. दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर म्हणजे आठ चमचे, साधारण ४० ग्रॅम साखर झाली, आणि हे कुणी "गोड खाल्लं" मध्ये धरतच नाही. वर चारच्या चहाबरोबर दोन खारी, नाहीतर टोस्ट बुडवून. आमच्या आईने एकदम साखर सोडली नाही, दर आठवड्याला अर्धा-अर्धा चमचा कमी करत आणली आणि आलं-गवती चहा वाढवला, आता तिला पाहुण्यांकडचा चहा पाकासारखा लागतो. खारीच्या जागी भाजलेले फुटाणे. हे काही ग्लॅमरस नाही पण लागू पडतं.

फळं बंद का? आंब्याचा सीझन आलाय हो

फळं चालतात, रस चालत नाही. पेरू, संत्रं, मोसंबी, पपई, सफरचंद, जांभळं एका वेळी एक छोटं किंवा एक वाटी, तेही जेवणावर नाही, मधल्या वेळेला. केळं, चिकू, द्राक्षं, सीताफळ जपून. हापूस जेवणात हवाच असेल तर सांगते, अर्धा खायचा, त्या जेवणात पोळी किंवा भात एक कमी, आणि दोन तासांनी मीटर लावून बघायचं आपल्या माणसाला किती चढते ते. आमरस वाट्या-वाट्या पुरीबरोबर, ते प्रकरण मात्र संपलं असं समजा.

उपास सोडायला सांगितलं तर घरात भांडण होतं

होतंच. आषाढी, संकष्टी, नवरात्र, श्रावणी सोमवार, आपल्याकडे कॅलेंडर भरलेलं असतं. गंमत ही की उपासाच्या दिवशी शुगर जास्त चढते, कारण साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, त्यात बटाटा, वर रताळ्याचा गोड कीस आणि केळं. उपास करायचाच असेल तर राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी आणि थोडी भगर (भगर पण भातासारखीच मोजायची), काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर, ताक, दही. निर्जळी किंवा दिवसभर काहीच न खाण्याचा उपास असेल आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या शुगरच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते, गोळीचा डोस त्या दिवशी काय करायचा हे आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. दोनच वेळा जेवायच्या दीक्षित डाएटबद्दल विचारतात त्यांनाही हेच उत्तर, वजन कमी झालेले लोक आहेत, पण या गोळ्या चालू असताना आपल्या आपण सुरू करायचं नाही.

घरी मीटरवर कधी आणि किती वेळा बघायची?

फक्त गोळ्यांवर असाल तर रोज सात वेळा बोटं टोचायची गरज नाही. सुरुवातीला आठवड्यातून दोन-तीन दिवस, उपाशीपोटी एकदा आणि एखाद्या जेवणानंतर दोन तासांनी एकदा, जेवण दर वेळी वेगळं. सर्वसाधारण लक्ष्य उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत. इन्शुलिनवाल्यांना जास्त वेळा बघावं लागतं.

हात साबणाने धुऊन कोरडे करा. आंबा सोलून तसंच बोट टोचलं तर २८० पण दाखवेल. बोटाच्या टोकाला नाही, कडेला टोचायचं, कमी दुखतं. पट्ट्यांची डबी लगेच बंद करायची, आमच्याकडे पावसाळ्यात डबी ओट्यावर उघडी राहिली आणि आठवडाभर आकडे विचित्र येत होते. आणि लॅबमध्ये १३८ आणि मीटरवर १५० आली म्हणून मीटर फेकू नका, चांगल्या मीटरमध्येही १५ टक्क्यांपर्यंत फरक धरलेलाच असतो. वहीत आकड्याशेजारी काय खाल्लं ते लिहा, नुसते आकडे डॉक्टरांना फारसं काही सांगत नाहीत.

रात्री काही खाल्लं नाही तरी सकाळी जास्त कशी?

पहाटे शरीर उठायच्या तयारीला लागतं तेव्हा लिव्हर साठवलेली साखर सोडतं, डायबेटीसमध्ये ती आवरली जात नाही. रात्रीचं जेवण साडेदहाला होत असेल तर ते आठला आणा, मग बघा. तरी रोजच वर राहिली तर औषधाचा प्रश्न आहे, उपाशी राहून सुटत नाही.

शुगर लो झाली हे कसं कळतं?

हे घरातल्या प्रत्येकाला, दहावीतल्या पोराला सुद्धा, माहीत पाहिजे. अचानक घाम, हात थरथरणं, धडधड, खूप भूक, उगाच चिडचिड, बोलण्यात गोंधळ. ७० च्या खाली म्हणजे लो. मीटर सापडत नसेल तर शोधत बसू नका, आधी तीन चमचे साखर पाण्यात किंवा ग्लुकॉन-डी, पंधरा मिनिटांनी परत बघा, अजून खाली असेल तर परत द्या, मग काहीतरी खायला द्या. पेढा-चॉकलेट नको, त्यातल्या तुपा-दुधाने साखर चढायला वेळ लागतो. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, श्वासनलिकेत जातं, सरळ १०८ ला फोन. नुसत्या मेटफॉर्मिनवर हे सहसा होत नाही, ग्लिमेपिराइड आणि इन्शुलिनवर होतं. बीपीची काही औषधं चालू असतील तर धडधड-थरथर जाणवतच नाही, घाम येतोय का ते बघायचं.

बाबा चोरून गोड खातात. काय करू?

माझं सगळ्यात ठाम मत इथे आहे, घरात पोलीस ठेवू नका. सुनेने डब्याला कुलूप, मुलाने फोनवरून उलटतपासणी, नातीने "आजोबा खाऊ नका" म्हणून ओरडायचं, याने माणूस खाणं सोडत नाही, सांगणं सोडतो. मग वहीतले आकडे खोटे व्हायला लागतात आणि डॉक्टर खोट्या आकड्यांवर गोळी वाढवतात. माझ्या सासऱ्यांच्या शर्टाच्या खिशात धुण्याच्या वेळी काजूकतलीचा चांदीचा वर्ख सापडायचा, त्यावर मी अवाक्षर बोलले नाही, फक्त ठरवून टाकलं की रविवारी दुपारी सगळ्यांसमोर एक तुकडा, जेवणानंतर, त्या दिवशी भात नाही. वर्ख सापडायचा बंद झाला असं नाही म्हणत, पण कमी झाला. मीटरचा आकडा बघून "बघा, सांगितलं होतं ना" हे वाक्य घरातून हद्दपार करा. आकडा जास्त आला तर विचारायचं काय खाल्लं होतं, आणि लिहायचं, संपलं. निदान झाल्यावर बरेच लोक खचतात, गप्प होतात, ते पथ्य मोडण्यापेक्षा मोठं आहे, त्याकडे लक्ष द्या.

कारल्याचा रस, मेथ्या, जांभळाच्या बिया?

खायचं तर खा, भाजी म्हणून कारलं छानच आहे, मेथ्यांनी थोडा फरक पडतोही. पण गोळीऐवजी नाही, आणि घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, कारण गोळीबरोबर शुगर जास्तच खाली जाऊ शकते. वर नाव-गाव-घटक काहीच नसलेली पुडी घेऊन कुणी "अमुक गावचे महाराज देतात" म्हणालं तर नमस्कार करून परत द्या.

चालायला कधी जायचं?

आठवड्याला १५० मिनिटं म्हणतात, पण जेवणानंतर लगेच दहा-पंधरा मिनिटं गॅलरीत फेऱ्या मारल्या तरी त्या जेवणाची शुगर कमी चढते. जेवून लगेच सोफ्यावर सिरियल, तिथे सगळं बिघडतं. गुडघे दुखत असतील तर खुर्चीत उठ-बस. आणि हो, गुडघ्यात किंवा खांद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं की काही दिवस शुगर धाडकन चढते, ते आधी माहीत असू दे म्हणजे कुणी खाण्यावरून ओरडा खाणार नाही.

इन्शुलिन सांगितलंय, म्हणजे शेवटची स्टेज का?

अजिबात नाही. कधीकधी सुरुवातीलाच शुगर ३५०-४०० असते तेव्हा काही आठवडे इन्शुलिन देतात आणि मग परत गोळ्यांवर आणतात. बारीक अंगाचा माणूस, झपाट्याने वजन उतरतंय, गोळ्या लागू पडत नाहीत असं असेल तर डायबेटीसचा प्रकार वेगळा असू शकतो, तेव्हा तर इन्शुलिनला पर्यायच नसतो.

बाटलीतून भरून घेत असाल तर हे नीट वाचा. आपल्याकडे ४० युनिटची बाटली आणि १०० युनिटची बाटली दोन्ही मिळतात आणि सिरिंज वेगवेगळ्या असतात, ४० ची लाल टोपीची, १०० ची केशरी. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळलाच पाहिजे, नाहीतर डोस अडीचपट इकडे-तिकडे होतो. न उघडलेलं फ्रीजमध्ये, पण फ्रीजरमध्ये नाही, गोठलं की फुकट गेलं. वापरात असलेलं साधारण महिनाभर घरात चालतं, पण मे महिन्यात नागपूर-अकोल्याच्या गर्मीत घरात म्हणजे कुठे? फ्रीज नसेल तर मातीच्या भांड्यात भांडं ठेवून मध्ये ओली वाळू, आत प्लॅस्टिकच्या डबीत बाटली, लोक हे करतात आणि चालतं. गाडीच्या डॅशबोर्डवर नको.

पाय, डोळे, किडनी याचं कधी बघायचं?

टाइप टू मध्ये निदान झालं त्याच महिन्यात, "पुढे बघू" नाही, कारण शुगर बऱ्याचदा काही वर्षं आधीपासून असते. डोळ्यात थेंब घालून पडदा बघणं, किडनीसाठी लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन, बीपी, कोलेस्टेरॉल, हे आत्ता आणि मग दरवर्षी. चष्म्याचा नंबर मात्र लगेच काढू नका, शुगर खाली येताना नजर काही आठवडे बदलत राहते. पाय रोज रात्री बघायचे, बोटांच्या बेचक्यात, तळव्याला, वाकता येत नसेल तर आरसा. अनवाणी नाही, घरात पण. एप्रिलमध्ये देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालून फोड आले आणि कळलंच नाही, असं होतं, मोजे घालून जा, देव रागावत नाही. पायाला कुरूप झालं तर ते ब्लेडने कापायचं नाही.

ताप-उलट्या झाल्या तर?

शुगर जास्त वेळा बघा, पाणी-ताक-सूप चालू ठेवा, इन्शुलिन आपल्या मनाने बंद करू नका, मेटफॉर्मिन आणि लघवीतून साखर काढणाऱ्या गोळ्या थांबवायच्या का हे त्याच दिवशी फोन करून विचारा. उलट्या थांबत नाहीत, पोट दुखतंय, श्वास जोरात चाललाय, गुंगी आहे, तर दवाखाना, रात्र असली तरी. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर टीबीची तपासणी करा, डायबेटीसमध्ये टीबीचा धोका दुप्पट-तिप्पट असतो.

महिन्याचा खर्च किती वाढेल?

वाटतो तेवढा नाही. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड स्वस्तच आहेत. महाग गोळ्यांपैकी डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये संपलं, आता बऱ्याच कंपन्यांच्या मिळतात आणि किमती खूप उतरल्यात. चिठ्ठी जुनी असेल तर स्वस्त ब्रँड चालेल का विचारा, जनऔषधी दुकानात बघा. प्राथमिक आरोग्य केंद्रात तिशीच्या पुढच्यांची तपासणी मोफत होते. सगळ्यात जास्त पैसे खरं तर पट्ट्यांवर जातात.

आईला आहे म्हणजे आम्हालाही होणार का?

होईलच असं नाही, पण शक्यता वाढते. २०२३ मध्ये आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा देशभराचा अभ्यास आला त्यात भारतात १०.१ कोटी लोकांना डायबेटीस असल्याचा अंदाज होता आणि गोवा सगळ्यात वर, २६.४ टक्के, म्हणजे मासे-भात खाणाऱ्या आमच्या माहेरच्यांनी तर गप्पच बसावं. तिशी ओलांडलेल्या सगळ्या भावंडांनी आणि मुलांनी फास्टिंग आणि एचबीएवनसी करून घ्या, आईच्या पुढच्या टेस्टच्या दिवशीच तिच्याबरोबरच, लॅबवाला एकदाच घरी येईल आणि तिलाही एकटीलाच सुई टोचली असं वाटणार नाही.